जादा वेळ

पप्पा मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीत दिवाणजी.
एकोणतीस वर्षं.
शर्टाच्या खिशाला काकवीचा वास,
चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा.
वर्षातून एकदा दुकानात सीए यायचे,
त्यांच्याकडे पंखा वळवला जायचा,
खुर्ची पुसली जायची, पप्पांच्याच रुमालानं.
त्या खुर्चीत मला बसवायचं
हे मी तिसरीत असतानाच ठरलेलं.

मला पंखा नको होता.
मला मार्चमधलं स्टेडियम हवं होतं, दुपारी चारचं,
पप्पांच्या शेजारी, तापलेल्या पायरीवर,
खारे दाणे आणि पेठेचा झेंडा.
सगळे चेंडू बघायचे.
मी बघायचे धरलेला शर्ट,
पंचाच्या पाठीमागे मारलेलं कोपर,
रेषेच्या अलीकडे की पलीकडे तो एक अंगठा.
"ऑफसाईड!" मी ओरडले एकदा, झेंडी वर जायच्या आधी.
पप्पा म्हणाले, "गप. आपलाच हाय त्यो."

आपलाच.
दातात अडकलेल्या दाण्याच्या सालीसारखा
तो शब्द कितीतरी वर्षं जिभेला लागत राहिला.

पहिला ग्रुप सुटला माझा.
दुसऱ्याचा फॉर्म भरायच्या दिवशी
मी पंचांच्या परीक्षेला बसून आले.
आई म्हणाली, "म्हणजे शिव्या खायची नोकरी?"
पप्पांनी एवढंच विचारलं, "मॅचचे किती?"
साडेतीनशे, म्हटलं. आणि जेवणाचं पाकीट.
त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान उलटलं,
हंगामाचे सामने मांडले,
बूट वजा, पेट्रोल वजा, गुडघ्याचा डॉक्टर वजा,
उत्तराखाली दोन रेघा मारल्या
आणि कागद माझ्याकडे फिरवला.
बोलले काहीच नाहीत.
हिशेब बरोबर होता.
त्यात कुठं बोट ठेवायला जागाच नव्हती.

मग ती संध्याकाळ.
आमची पेठ, शून्य-शून्य, संपत आलेला खेळ,
गोलसमोर पायांची गर्दी, उडालेली माती
आणि आमच्या बचावपटूचं कोपर.
मी शिट्टी वाजवली असं नाही म्हणवत.
ती वाजली.
हात आपोआप त्या पांढऱ्या ठिपक्याकडे गेला.

ज्यांच्या आयांच्या हातचे पोहे खाल्ले
ती पोरं छातीला छाती लावून उभी राहिली.
वरून एक चप्पल आली,
कोल्हापुरी नव्हे, साधी रबरी.
"दिवाणजीची पोरगी!" कुणीतरी ओरडलं,
आणि पुढं जे म्हणालं
ते पप्पांनाही ऐकू गेलं असणार,
ते तिथंच होते, नेहमीच्या पायरीवर.
मी तिकडं बघितलं नाही.
घड्याळाकडं बघितलं.

एक-शून्य हरलो आम्ही.
"आम्ही" म्हणायचा हक्क
त्या दिवशी गेटपर्यंत पोलिसांबरोबर चालताना
मी कुठंतरी सांडला.

रात्री अकरा वाजून गेल्यावर पप्पा आले.
गंगावेशीत दूध पिऊन आले असावेत,
मिशीला साय होती.
चप्पल काढता काढता, माझ्याकडं न बघता,
"हात लागलाच होता?"
"कोपर."
"कोपर," ते म्हणाले,
रोजमेळात रक्कम चढवताना म्हणतात तसं.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "जादा वेळ तीन मिनिटं दिलीस.
चार पाहिजे होती.
त्यो गोली पडला तवा एक मिनिट दहा सेकंद गेली,
बदली खेळाडू आला तवा चाळीस,
शिवाय चप्पल उचलायला."

मी खिशातली वही काढली.
घामानं शाई फुटली होती, तरी बेरीज केली.
चारच येत होती.

सकाळी टेबलावर दुसऱ्या ग्रुपचा फॉर्म,
सायबर कॅफेतून काढलेली ताजी प्रिंट,
माझं नाव त्यांच्या वळणदार अक्षरात:
कु. प्रणोती यशवंत निगडे.
पंखा फुल्ल होता.
फॉर्म उडू नये म्हणून
त्यावर शिट्टी ठेवलेली.